पार्किंगचा परवाना आणि परका माणूस

जबलपूरच्या ज्या भागात मी निवृत्तीनंतर राहतो, तेथील रहिवाशांनी महापालिका आयुक्तांना द्यावयाच्या अर्जाचा मसुदा काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आला. निवृत्त अधिकाऱ्याची शेजाऱ्यांना आठवण होते ती दोन कामांसाठी : अर्जाची भाषा नीट करून घेण्यासाठी आणि तो कोणत्या टेबलावर अडेल हे विचारण्यासाठी. मसुदा दोन पानांचा होता. पहिल्या पानावरील मागणी अशी की, आमच्या गल्ल्यांत फक्त रहिवाशांच्याच मोटारी उभ्या राहाव्यात, प्रत्येक घराला परवान्याचे स्टिकर मिळावे आणि स्टिकर नसलेली गाडी रात्री आठनंतर उचलून न्यावी. दुसऱ्या पानावर, मध्ये एक ओळही न सोडता, लिहिले होते की परिसरात काही ‘संशयास्पद अनोळखी इसम’ वावरताना दिसतात, गाड्यांत तासन्‌तास बसून राहतात, भंगार घेण्याच्या निमित्ताने घरांची टेहळणी करतात; सबब पोलिसांनी त्यांचा बंदोबस्त करावा आणि गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवण्यास परवानगी मिळावी.

या दोन मागण्या एकाच कागदावर आल्या याचे मला नवल वाटले नाही. शहरी मध्यमवर्गाच्या मनात त्या एकमेकींना चिकटलेल्याच असतात. घरासमोर उभी असलेली अनोळखी मोटार पहिल्या दिवशी गैरसोय असते, तिसऱ्या दिवशी ती संशय होते. शासनाच्या दृष्टीने मात्र या दोहोंचे खाते वेगळे, कायदा वेगळा आणि त्या मान्य केल्याचे परिणाम तर फारच वेगळे. पहिली मागणी जागेची आहे, तिला किंमत लावता येते. दुसरी माणसांविषयी आहे, आणि तिची किंमत मागणारा सोडून दुसराच कोणीतरी मोजतो. देशातील अनेक शहरे वाहनतळ धोरणे आखत असताना हा फरक धोरणकर्त्यांच्याही नजरेतून निसटतो, म्हणून एका वसाहतीचे हे प्रकरण येथे मांडतो आहे.

राइट टाउन, नेपियर टाउन यांसारखे जबलपूरचे भाग बंगल्यांच्या वस्त्या म्हणून वाढले. मोटार ही तेव्हा एखाद्या डॉक्टरची किंवा बॅरिस्टरची मिरवण्याची वस्तू होती. आज त्याच रस्त्यांवर खासगी रुग्णालये आहेत, शिकवणी वर्ग आहेत, वकिलांची कार्यालये आहेत. गंमत अशी की, गाड्या बनवण्यात हे शहर कधी मागे नव्हते. १९०४ सालचा तोफगाड्यांचा कारखाना येथे आहे, १९६९ साली सुरू झालेला लष्करी वाहनांचा कारखाना येथे आहे, आणि सैन्यातील ‘जोंगा’ या गाडीचे नावच मुळी जबलपूरच्या आद्याक्षरापासून सुरू होते. गाड्या उभ्या कुठे करायच्या, हा विचार मात्र कोणत्याच काळात कोणी केला नाही.

मसुदा हाती आल्यावर आठवडाभर संध्याकाळच्या फेरफटक्यात मी गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेलो. जबलपूरचा क्रमांक एमपी २०. त्याशिवाय दिसत होत्या त्या एमपी ५१, एमपी ५२, एमपी २२, एमपी ३४ : म्हणजे मंडला, दिंडोरी, सिवनी, दमोह. या जिल्ह्यांतून रात्री-अपरात्री जबलपूरला येणारा माणूस काय कामासाठी येतो, हे या विभागात नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. रुग्णालयात एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक आत राहू शकतो. उरलेले दोघे-तिघे गाडीत झोपतात. कोणी काचा खाली करून पाय बाहेर काढून, कोणी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. अर्जातील ‘तासन्‌तास गाडीत बसून राहणारे इसम’ ते हेच. मी त्यांतील काहींशी बोललो. एकाने मला उलट विचारले, येथे गाडी लावण्याचे किती पैसे द्यायचे असतात? घेणारा कोणीच नसल्यामुळे त्याला देता येत नव्हते.

त्याच फेरफटक्यात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती अर्जात नव्हती. ज्या घरांना स्टिकर हवे आहे, त्यांपैकी बऱ्याच घरांत आराखड्यावरील गॅरेज आता गॅरेज राहिलेले नाही. कुठे तेथे दुकानाचे शटर आहे, कुठे भाडेकरू, कुठे जुन्या फर्निचरचा ढीग. फाटकापासून रस्त्यावर उतरणारा सिमेंटचा उतार दोन-तीन फूट पुढे आलेला. त्यापुढे फुलझाडांच्या कुंड्या, कोणी गाडी लावू नये म्हणून. मध्यप्रदेश भूमि विकास नियम, २०१२ प्रमाणे भूखंडाच्या हद्दीतच वाहनांसाठी जागा ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे रस्त्यावरील टंचाईत परक्यांचा वाटा असेल, तर आपलाही आहे.

जागेचा हिशेब एकदा आकड्यांत मांडला पाहिजे. एका मोटारीला उभे राहण्यासाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. येण्या-जाण्याची वाट धरून नगररचनेत एका मोटारीसाठी मोकळ्या जागेत २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरण्याची पद्धत आहे. पंतप्रधान आवास योजनेत शहरातील दुर्बल घटकाच्या कुटुंबासाठी घराचे क्षेत्रफळ मुळात ३० चौरस मीटरपर्यंत ठरवले होते. गाडीचा आणि गरिबाच्या घराचा हिस्सा आपण जवळपास सारखाच मानला आहे. फरक एवढाच की घरासाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि वर्षांची प्रतीक्षा लागते, आणि गाडी संध्याकाळी आणून उभी केली की झाले.

बेंगळुरूने २०२०-२१ मध्ये आपल्या वाहनतळ धोरणात निवासी भागांसाठी वार्षिक परवान्याची कल्पना मांडली. लहान गाडीला वर्षाला १,००० रुपये, मोठ्या गाडीला ५,००० रुपये असे दर सुचवले गेले. दिवसाला भागले तर लहान गाडीला तीन रुपयांहून कमी आणि मोठीला चौदा रुपयांच्या आत. एवढ्यावरही केवढा गहजब झाला! पुण्याच्या महापालिकेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले, विरोध होताच ते निवडक रस्त्यांपुरते आणले आणि पुढे कागदावरच राहू दिले. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये घोषणा केली की, गाडी उभी करण्याच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही. जपानने असा कायदा १९६२ सालीच केला आणि तेथे हा दाखला पोलीस ठाण्यातून, जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे याची खात्री करून, मिळतो. आपल्याकडे अशा दाखल्यांचे पुढे काय होते, हे ज्याने एकदा तरी रहिवासी दाखल्यांचे टेबल सांभाळले आहे त्याला विचारावे.

रस्त्यावर परवान्याने गाडी उभी करू देणे कायद्यात बसते का? बसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे राज्य शासन किंवा त्याने अधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरवू शकतो. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी पोलीस हलवू शकतात. हे दुसरे कलम मी शेजाऱ्यांना वाचून दाखवले तेव्हा थोडी चुळबुळ झाली, कारण मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या, ताडपत्री घातलेल्या गाड्या महिनोन्‌महिने रस्त्यावरच असतात.

रहिवाशाला एक न्याय आणि बाहेरच्याला दुसरा, हे समतेच्या तत्त्वात बसते का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७७ साली आला होता. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन परगण्यात कचेऱ्यांत येणारे लोक शेजारच्या वस्तीत मोटारी लावून जात. परगण्याने नियम केला की, कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत तेथे परवानाधारकच गाडी लावू शकतील. व्हर्जिनियाच्या न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि धूर, गोंगाट व वर्दळ कमी करण्यासाठी असा फरक करता येतो असे सांगितले. आपल्याकडील परवान्याचे पुरस्कर्ते या निकालाचा दाखला आनंदाने देतील. त्यातील एक तपशील मात्र वाचण्यासारखा आहे. आर्लिंग्टनमध्ये परवाना रहिवाशांना मिळत होता, तसाच त्या रहिवाशांकडे कामधंद्यासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांनाही मिळत होता. निर्बंध होता तो दिवसाच्या ठरावीक तासांचा, आणि रोख होता मोटारींच्या गर्दीवर. आमच्या मसुद्यात स्वयंपाकाच्या बाई, नळ दुरुस्त करणारा, रुग्णाला रक्त द्यायला आलेला भाऊ, कोणाचाच उल्लेख नव्हता. निर्बंधाची वेळ होती ती रात्रीची, जेव्हा गर्दी नसते आणि भीती असते.

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी आहे. गळ्यातील सोनसाखळी ओढून नेण्याचा अनुभव ज्या बाईने घेतला, ती पुढे कित्येक महिने दाराची कडी वाजली तरी दचकते. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा केला आहे, तो उगाच नव्हे. प्रश्न इतकाच की, या भीतीवर उपाय म्हणून आपण काय मागतो : गुन्ह्याचा तपास, की परक्या माणसाची हकालपट्टी?

कार्यकारी दंडाधिकारी म्हणून काम करताना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०९ खालील प्रकरणे माझ्यापुढे नेमाने येत. अमुक इसम अमुक ठिकाणी आपले अस्तित्व लपवत असताना आढळला, विचारपूस करता ‘संतोषजनक उत्तर’ देऊ शकला नाही, सबब त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा. वाक्यरचना इतकी ठरलेली की, नाव आणि तारीख तेवढी बदले. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावेसे वाटते. १८९८ च्या जुन्या संहितेत या कलमाचे दोन भाग होते. एक, गुन्हा करण्याच्या हेतूने लपून राहणारा. दुसरा, ज्याला उपजीविकेचे दृश्य साधन नाही किंवा जो स्वतःविषयी समाधानकारक खुलासा करू शकत नाही तो. १९७३ मध्ये संसदेने नवी संहिता केली तेव्हा हा दुसरा भाग वगळला. गरीब असणे आणि नीट उत्तर देता न येणे, ही बंधपत्र घेण्याची कारणे असू शकत नाहीत, असे त्या वगळण्याचे तात्पर्य. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १२८ मध्येही तो भाग परत आलेला नाही. पण ठाण्यातील ठरीव मजकुरातून ‘संतोषजनक उत्तर’ गेले नाही, आणि आमच्या अर्जात तर ते सही-शिक्क्यासह परत येऊ पाहत होते.

परक्याविषयीच्या संशयाला कायद्याचे रूप देण्याचा कारखाना म्हणावा तर तो याच शहरात होता. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते, मग ते कंपनीकडे गेले. विल्यम स्लीमन येथे अधिकारी होता, आणि १८३५ मध्ये ठगी निर्मूलनाचा प्रमुख झाल्यावर त्याच्या मोहिमेचे केंद्र जबलपूरच राहिले. प्रवाशांचे गळे आवळून त्यांना लुटणाऱ्या टोळ्या होत्या, खून झाले होते, प्रेते विहिरींतून आणि बागांतून उकरून काढली गेली होती. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुरावा मिळणे कठीण म्हणून १८३६ च्या तिसाव्या कायद्याने नवी वाट काढली. विशिष्ट माणसाने विशिष्ट खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत कधी काळी होता, कायदा होण्यापूर्वी का असेना, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. साक्षीदार बहुतेक माफीचे. स्लीमनने त्यांच्या सांगण्यावरून ठग कुटुंबांच्या वंशावळी तयार केल्या. १८३७ मध्ये याच शहरात माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुले यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तंबू आणि गालिचे विणणारी ती मुले कोणत्याही गुन्ह्यासाठी तेथे नव्हती, जन्मासाठी होती.

या दफ्तरातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ठगीच्या खटल्यांत बळी पडलेले लोकच त्या मुलुखात परके होते : रजेवर घरी निघालेले शिपाई, खजिना नेणारे, यात्रेकरू. गावकऱ्यांनी न ओळखलेला, रात्री आसरा न मिळालेला प्रवासी सोबतीसाठी अनोळखी टोळीत मिसळला आणि मारला गेला. परक्या माणसाला गावाने दार उघडले असते, तर त्यांतील काही वाचले असते.

जबलपुरात घडलेला ‘ठग’ हा शब्द पुढे भारतीय दंड संहितेच्या कलम ३१० मध्ये शिरला. तेथील व्याख्येत जबरी चोरीबरोबर मुले पळवण्याचाही समावेश होता. ३० जून २०२४ पर्यंत हे कलम पुस्तकात होते. न्याय संहितेने ते वगळले. म्हणजे १८३६ पासून मोजले तर १८८ वर्षे. टोळी, जन्म आणि संशय यांची ही साखळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांपर्यंत पोचवली. नोंद झालेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे आणि ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर पडायला परवाना लागे. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’चे तारेचे कुंपण मराठी वाचकाला माहीत आहे. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. सराईत गुन्हेगारांविषयीचे राज्यांचे कायदे त्याची जागा घ्यायला तयारच होते. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी न्यायालयीन मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत, असे ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, यावरून काय ते समजावे.

दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारून मात्र सुटता येणार नाही. उत्तर पेशवाईत पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्याला धरण्याचा अधिकार कोतवालाच्या माणसांना होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून घाशीराम कोतवालाच्या शिपायांनी पकडले आणि एका अरुंद चौकीत कोंडले. त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले. नाटकातील घाशीराम वेगळा, पण दफ्तरातील ही घटना खरी आहे. तेथे आधी कोणी खून करायला निघालेले नव्हते. परके लोक, संशय आणि बाहेरून कडी लावलेली खोली एवढेच पुरेसे ठरले. नंतर पेटलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले, म्हणजे न्याय झाला असेही नव्हे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून पसरलेल्या होत्या. कोणीतरी संशय घेतला, जमाव जमला आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले. पाचही जण मरण पावले. चौकीच्या जागी ग्रामपंचायत, दवंडीच्या जागी व्हॉट्सॲप, बाकी २२७ वर्षांत बदलले काय? सोळा दिवसांनी, १७ जुलैला, झुंडबळींविषयीच्या एका आधीपासून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. अशा नेमणुकांची परिपत्रके निघतात, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याला तो नेमला आहे हे पुष्कळदा वार्षिक अहवाल लिहितानाच कळते.

राईनपाड्याची आठवण काढली तेव्हा एका सुशिक्षित शेजाऱ्याने म्हटले की, ते खेड्यातले अडाणी लोक, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. जबलपुरात नर्मदेच्या ग्वारीघाटावर दरवर्षी परिक्रमावासी येतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ. पांढरे कपडे, खांद्याला झोळी, हातात काठी. कोण, कुठला, काय करतो, कोणी विचारत नाही. ‘नर्मदे हर’ म्हटले की सदावर्त मिळते, ओसरीवर पथारी मिळते. यांच्याजवळही एक कागद असतो, वाटेतील गावांचे शिक्के घेतलेला, आणि तो अभिमानाने जपला जातो. डवरी गोसावीसुद्धा झोळी घेऊन, देवाचे नाव घेत, भिक्षाच मागत फिरतो. दोघेही अनोळखी. एकाच्या भटकण्यात आपण पुण्य पाहतो आणि दुसऱ्याच्या भटकण्यात टेहळणी, हे आपण कशावरून ठरवतो, याचे उत्तर कोणत्याही स्टिकरवर छापता येणार नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या पंक्तीत रस्ते बसवलेले आहेत. सार्वजनिक निधीतून राखलेल्या रस्त्यावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही निर्बंध घालता येत नाही. ज्या समाजाने १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर पाण्याच्या ओंजळीसाठी काय घडले ते पाहिले आहे, त्याला ही यादी अशी का केली हे समजावून सांगायला नको. फाटकाचे समर्थक म्हणतील की, आम्ही कोणाची जात विचारत नाही, फक्त ओळखपत्र मागतो. रात्री फाटकावर महिना आठ-दहा हजारांवर उभा केलेला पहारेकरी कोणाला ओळखपत्र विचारेल आणि कोणाला सलाम करून आत सोडेल, हे त्याने ठरवायचे असते. त्याला कपडे, गाडी आणि कातडीचा रंग एवढेच दिसते.

मी शेजाऱ्यांना मसुद्याचे दोन कागद करायला सांगितले. पहिला आयुक्तांकडे : रस्त्यावर रेषा आखून जागा ठरवाव्यात, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीची वाट मोकळी राहावी, रहिवाशाने पहिल्या गाडीसाठी परवडेल असा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाडीसाठी चढता वार्षिक आकार द्यावा, बाहेरच्याने तासाप्रमाणे द्यावा, आणि पथविक्रेता अधिनियम, २०१४ खाली ज्यांना जागा मिळायची आहे त्यांच्या जागा आधी राखून मग रेषा आखाव्यात. सही करणाऱ्याने आपल्या गॅरेजची आजची स्थिती लिहून द्यावी, अशीही ओळ घातली. तिच्यावर सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली आणि अखेर ती राहिली. दुसरा कागद पोलीस ठाण्याकडे. त्यात इसमांचे वर्णन काढून घटना लिहायच्या होत्या : काय झाले, कोणत्या तारखेला, तक्रार नोंदली का. महिनाभरातील घटना जमवायला बसल्यावर एका गाडीची बॅटरी चोरीला गेल्याची एक घटना मिळाली. बाकी सगळे ‘वावरताना दिसले’. तेव्हा त्या कागदात बंद पडलेल्या पथदिव्यांचे क्रमांक लिहिले आणि गस्तीच्या शिपायाचा दूरध्वनी क्रमांक फलकावर लावण्याची विनंती केली.

फाटकाचा मुद्दा मात्र अजून मिटलेला नाही. त्याविषयी माझे म्हणणे इतकेच की, गल्लीत परका कोण हे आज खरोखर ओळखतात ती माणसे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सकाळी पोहे-जिलेबीची गाडी लावणारा आणि रुग्णालयासमोरचा चहावाला. जेन जेकब्स यांनी १९६१ सालच्या आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांविषयी हेच निरीक्षण नोंदवले होते : रस्त्यावर सतत कोणीतरी असणे हीच रस्त्याची राखण. फाटक लागले की हे लोक पहिल्यांदा बाहेर जातील, मग सीसीटीव्हीचा कॅमेरा रिकाम्या गल्लीचे चित्रण करत राहील.

राहता राहिले एमपी ५१ आणि एमपी ५२ वाले. त्यांच्यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. खासगी रुग्णालयाला बांधकामाची परवानगी देताना वाहनतळाची जागा नकाशावर दाखवून घेतलेली असते, आणि ते नकाशे महापालिकेच्या कपाटात आहेत. नकाशावरील तळघरात मोटारी आहेत की औषधांचे दुकान आणि रक्ततपासणीची खोली, रुग्णाच्या नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला बाक तरी आहे का, एवढे पाहायला एक कनिष्ठ अभियंता आणि त्याचा अर्धा दिवस लागेल. पहिल्या कागदाला जोडपत्र म्हणून आमच्या दोन गल्ल्यांतील सर्व रुग्णालयांच्या तळघरांची पाहणी करण्याची मागणी मी जोडली आहे.